जबाबदार माणसाचा अंगठा

डहाणू स्टेशनवर मी पहिल्यांदा उतरले तेव्हा टांगेवाल्याने विचारलं, "गावात जायचं, का हितंच?" मला प्रश्नच समजला नाही. हातात दवाखान्यातल्या नर्सच्या नेमणुकीचं पत्र होतं आणि त्यावर नुसतं डहाणू लिहिलं होतं. पुढे कळलं की डहाणू एक नाही, दोन आहेत. एक रेल्वेच्या आजूबाजूला वाढलेलं, गवताच्या वखारींचं, भाताच्या गिरण्यांचं, गुजराती दुकानदारांचं. दुसरं खाडीपलीकडचं, समुद्रकाठचं जुनं गाव, मच्छीमारांच्या आळ्यांचं आणि वाळत घातलेल्या बोंबलांचं. दोन्ही मिळून एक शहर व्हायचं, तेही कागदावर. मी स्टेशनच्या बाजूला खोली घेतली. दोन वर्षांत सुटका करून घेते, असं आईला लिहिलं होतं. राहिले अकरा वर्षं.

राज्य तेव्हा मुंबई-गुजरात मिळून एकच होतं. बाजारात एका वेळी तीन भाषा ऐकू यायच्या आणि कुणालाच त्याचं काही वाटायचं नाही. मी घाटावरची, साताऱ्याकडची. माझं बोलणं ऐकून वाणी गालात हसायचा. घरमालकीण गुजराती होती. मी संध्याकाळी परतले की ओटीवरून विचारायची, "आजे मोडुं थयुं, बेन?" उशीर झाला का, एवढंच ती विचारत होती, पण तिला खरं तर का उशीर झाला ते हवं असायचं. मी हो म्हणून वर जायची. ते 'हो' तिला कधी पुरलं नाही.

लहान शहराचा शीण मला अजून नीट सांगता येत नाही. मोठ्या शहरात माणूस निदान सुखाने एकटा असतो. खेड्यात भांडणतंटा असला तरी घरचा असतो. इथे ना धड एकटं राहता यायचं, ना घरचं होता यायचं. रोज पावशेर वांगी घेणारीने एखाद्या दिवशी अर्धा शेर घेतली, तर तिन्हीसांजेच्या आत सिस्टरकडे पाहुणा आल्याची बातमी दोन्ही डहाणूंत पोचलेली असायची. नवरा कुठे असतो, हे मला पहिल्या महिन्यात निदान तीस जणांनी विचारलं असेल. पुण्याला, असं मी सांगायची. ते खोटं नव्हतं. तो पुण्याला होता आणि तिथे त्याचं दुसरं बिऱ्हाडही होतं.

आमचा दवाखाना एका लहानशा ट्रस्टचा, सहा खाटांचा. डॉक्टर आठवड्यातून तीन दिवस आमच्याकडे असायचे. बाकीचे दिवस तलासरीला, सायवनच्या बाजूला फिरायचे. ते नसले की मी आणि आया. आया पलीकडच्या गावातली, मच्छीमाराच्या घरची, पन्नाशी उलटलेली. रोज सकाळी खाडी ओलांडून यायची. तिला सगळ्या आदिवासी पाड्यांवरची माणसं ठाऊक होती, कारण सुके बोंबील विकायला तिने तरुणपणी सगळा तालुका पायाखाली घातला होता. माझ्याहून तिला कमी पगार होता आणि माझ्याहून तिला जास्त कळत होतं. हे मला पहिल्याच वर्षी कळून चुकलं होतं, पण मी तोंडाने कधी कबूल केलं नाही. नाकापेक्षा मोती जड होऊ द्यायचा नसतो, असं शिकूनच आम्ही नर्सा बाहेर पडतो.

एक मात्र होतं. होड्या बोंबलांनी भरून आल्या की आया यायची नाही. निरोपसुद्धा नाही. त्या दिवशी आळीतली झाडून सगळी माणसं किनाऱ्यावर, बोंबलाच्या जबड्यात जबडा अडकवून दोऱ्यांवर टांगायच्या कामाला. दुसऱ्या दिवशी मी तोंड वाकडं केलं की म्हणायची, "बोंबील काय तुझ्या रजिस्टराची वाट बघतो व्हय, बाय?"

पाड्यांवरून येणाऱ्या माणसांना मात्र आमचं हे दीड रस्त्याचं गाव खरोखरच शहर वाटायचं. शेवटच्या चिकूच्या वाडीपाशी एक विहीर होती. तिथे ती थांबायची, पाय धुवायची, बायका केस पुन्हा बांधायच्या, पुरुष डोक्याचं फडकं झटकून नीट गुंडाळायचे, आणि मगच पुढे यायची. पुढे आल्यावर जो जे सांगेल ते ऐकायची. वखारीत मुकादम सांगेल ते, कचेरीत शिपाई सांगेल ते, दवाखान्यात मी सांगेन ते. शहरात शहराचे नियम असतात आणि ते आपल्याला कळायचे नाहीत, हे त्यांनी धरूनच ठेवलेलं असायचं. मला ह्या गावाचा इतका वीट आला होता की कुणाला ह्याची भीती वाटत असेल, हे माझ्या डोक्यातच यायचं नाही.

आमच्या टेबलाच्या खणात एक छापील कागद असायचा. मी येण्याआधी कधीतरी एका रोग्याला मुंबईला पाठवलं होतं आणि त्याच्या घरच्यांनी नंतर, आम्हाला न विचारता पाठवलं, म्हणून तक्रार केली होती. तेव्हापासून ट्रस्टने नियम केला. अडलेली बाई किंवा हाताबाहेर गेलेला रोगी मुंबईला पाठवायचा तर आधी त्या कागदावर सही किंवा अंगठा घ्यायचा. मोठ्या इस्पितळासाठीची पत्रं डॉक्टर सह्या करून ठेवून जायचे. ते नसले तर पाठवायचं की नाही, हे मी ठरवायचं.

थंडीचे दिवस होते. आदल्या दिवशी दोन बाळंतपणं झाली होती आणि पाठीचा काटा ढिला झाला होता. त्या सकाळी आया आली नाही. होड्या भरून आल्या असणार, मी समजले. डॉक्टर तलासरीला होते. अकराच्या सुमाराला दारात बैलगाडी थांबली. कैनाडच्याही पलीकडच्या पाड्यावरून एक माणूस एका बाईला घेऊन आला होता. पंचविशीचा असेल, अंगाने काटक, गुडघ्यापर्यंत धूळ. बाई त्याच्याहून लहान. पहाटेपासून अडली होती. तपासलं तर मूल आडवं होतं. इथे माझ्या हाताने सुटण्यासारखी गोष्ट नव्हती. मुंबईची गाडी दीडला होती. अडीच तास हातात होते, म्हणजे वेळ भरपूर होता. हे मी पुन्हा पुन्हा सांगते, कारण पुढे मी स्वतःलाच किती तरी वेळा सांगितलं आहे.

मी खण उघडून कागद काढला आणि बाहेर आले.

"तू कोण तिचा?"

"मी तिचा," तो म्हणाला.

"तिचा कोण? नवरा?"

त्याने आत खाटेकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "एका घरात राहतो आमी. लगीन नाय झालं."

"लग्न झालेलं नाही?"

"नाय, बाय. औंदा भात नाय पुरला. फुडल्या साली करू."

खोटं बोलला असता तर काम झालं असतं. नवरा, असं एका शब्दात म्हणाला असता तर मी शाईची डबी उघडली असती. पण शहरात विचारलं तर खरं सांगावं, असं त्याला कुणीतरी शिकवलं असावं. मला मात्र त्या 'फुडल्या साली'ची तिडीक आली. पोरीला ह्या अवस्थेत आणायचं आणि लग्न पुढल्या वर्षी. मी त्याला बोलले. काय बोलले ते सगळं आठवत नाही, आठवतं तेवढं सांगवत नाही. माझ्या लग्नाला ब्राह्मण होता, चारशे पान उठलं होतं, आणि माझा नवरा पुण्यात दुसरीबरोबर राहत होता. तो राग कुठेतरी साठलेला होता. वड्याचं तेल वांग्यावर निघतं, तसा तो ह्याच्यावर निघाला.

"तुझा अंगठा चालायचा नाही," मी म्हटलं. "तिच्या बापाला नाहीतर भावाला घेऊन ये."

त्याने वाद घातला नाही. "गाडी कवा हाय?" एवढंच विचारलं. दीडला, मी म्हटलं. बैल दमलेले होते. त्याने गाडी तिथेच सोडली आणि पळत सुटला.

आत बाईने कळांच्या मधल्या उसंतीत विचारलं, तो कुठे गेला. तुझ्या बापाला आणायला, मी सांगितलं. ती म्हणाली, "बा म्हातारा हाय. त्याला दिसत नाय." मग भाऊ येईल, मी म्हटलं. भाऊ मिठागरावर कामाला गेला होता, पार तिकडे, आठ दिवसांसाठी. हे ऐकल्यावर तरी मला थांबायला हवं होतं. बाहेर माणूस पाठवून त्याला परत बोलवायला हवं होतं, तो फार लांब गेला नसता. मी घड्याळ पाहिलं आणि गरम पाण्याच्या मागे लागले. तिला स्वतःला विचारावं, हे ना मला सुचलं, ना कागदात तशी जागा होती.

दीडची गाडी आली आणि गेली. दवाखान्यातून शिट्टी स्पष्ट ऐकू यायची. बाईलाही ऐकू आली असेल.

ते पाचला आले. म्हातारा त्याच्या पाठीवर होता. काही अंतर चालवला, काही अंतर उचलून आणला, असं नंतर कळलं. म्हाताऱ्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. मी त्याचा हात धरून अंगठा शाईवर टेकवला, मग कागदावर टेकवला. कुठे टेकवला ते त्याला दिसत नव्हतं. हा अंगठा चालला.

सहाच्या गाडीने तिला पाठवली, तोच सोबत गेला. मुलाचे ठोके त्याच्या बरेच आधी बंद झाले होते. बाई वाचली. मुंबईहून ती सतरा-अठरा दिवसांनी परत आली. जाताना दवाखान्यावरूनच रस्ता होता. तो थांबला, "बाय" म्हणाला, आणि दोघं पुढे गेली. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पण हे नंतरचं. दुसऱ्या दिवशी सकाळी आया आली तेव्हा म्हातारा बैलांपाशी बसला होता. तिने त्याला ओळखलं, चहा दिला, त्याच्याजवळ उकिडवी बसून सगळं ऐकून घेतलं. मग आत आली. हाताला बोंबलांचा वास येत होता.

"काय केलंस गो बाय हे," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "तो नवराच तिचा."

"लग्न झालं नाही असं तोच म्हणाला."

"तसंच म्हणणार. ह्यांच्यात आधी घर होतं. लगीन मागून. सगळ्या पाड्याला जेवण घालण्याजोगं भात झालं, ताडी झाली, की मग मांडव. कुणाचं दोन वर्षांनी होतं, कुणाचं पोरांच्या लग्नात, एकाच मांडवात आईबापाचं आणि पोराचं. तोवर काय कुणी परकं असतं? सगळा पाडा नवरा-बायकोच म्हणतो. लगीन झालं का इचारलंस तर नायच सांगणार. घरात कोण हाय असं इचारायचं."

मी म्हटलं, मला कसं कळणार.

"मला इचारायचं," ती म्हणाली, आणि मग तिला आठवलं की काल ती नव्हती. त्यानंतर होड्या भरून आल्या तरी ती सकाळी आधी दवाखान्यात तोंड दाखवून जायची. मी तिला तसं सांगितलेलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर आले. मी सगळं सांगितलं, आयाने सांगितलेलंही. ते थकलेले होते, तलासरीच्या रस्त्याने माणसाची हाडं खिळखिळी व्हायची. त्यांनी कागद मागवला, चष्मा चढवला आणि बोट ठेवून वाचून दाखवलं: रुग्णासोबतच्या जबाबदार माणसाची सही अगर अंगठा.

"सिस्टर, ह्यात नवरा कुठे आहे? सोबत आलेला कुणीही चालतो. टांगेवाल्याचा अंगठा चालला असता."

मी कागद परत वाचला. तीन वर्षं तो माझ्या खणात होता. नवरा हा शब्द त्यात कुठेच नव्हता. आजवर आलेल्या बायकांसोबत नवरेच होते, त्यामुळे तो मीच तिथे वाचत आले होते. डॉक्टर माझ्यावर रागावले नाहीत. रजिस्टरात त्यांनी लिहिलं, रुग्ण उशिरा आणला. खाली माझी सही लागायची. मी केली. आयुष्यात मी पुष्कळ चुका केल्या, पण चूक आणि ही सही ह्यांत मी नेहमी फरक करत आले आहे. चूक दमलेल्या माणसाकडून होते. सही मी चांगली झोप काढून, सकाळी, चहा पिऊन केली होती.

वर्षं गेली. मी बदलीसाठी, दुसऱ्या नोकरीसाठी अर्ज करायची आणि उत्तर यायचं नाही. राज्याची वाटणी झाली, उंबरगाव तिकडे गेलं, आम्ही इकडे राहिलो. चार दिवस बाजारात त्याचीच चर्चा होती आणि मग पुन्हा वांग्यांची. आयाची सून आली, आया आजी झाली. मी संध्याकाळी खोलीवर परतायची, घरमालकीण विचारायची, मोडुं थयुं? चालताना मला शेवटच्या चिकूच्या वाडीपाशी थांबून पाय धुणारी माणसं दिसली की मी रस्त्याची दुसरी बाजू धरायची. ह्या गावात कुणाला टाळायला दुसरी बाजू पुरत नाही, पण सवय.

एका वर्षी, होळी होऊन गेली होती. पिंपळाला नवी पालवी आली होती. सकाळी नऊला दवाखान्याच्या पायरीवर तिघं जण दिसली. तो, ती आणि एक म्हातारी. ह्या खेपेला बैलगाडी नव्हती, चालत आली होती. तिला कळा सुरू झाल्या होत्या, पण सावकाश, मधे थांबत ती चालत आली होती. तिने मला ओळखून मान हलवली. म्हातारीच्या दोन्ही हातांत कोपरापर्यंत बांगड्या होत्या आणि ती पायरीवर अशी ताठ बसली होती, की जणू तिला कुणी साक्षीला बोलावलंय.

तसंच होतं ते. मी काही विचारायच्या आधी तो पुढे आला.

"बाय, लगीन झालं," तो म्हणाला. "ही धवलेरी. हिनंच गाणी म्हटली, हिनंच लावलं. कागद तं नाय आमच्याजवळ. म्हणून हिला आणली. इचार हिला."

आया माझ्या मागे उभी होती. त्यांच्यात लग्न लावायला भट नसतो, लग्न लावणारी बाई असते, तीच धवलेरी, हे तिने मला हळूच सांगितलं. मग त्याला विचारलं, "कधी केलंत रं?"

"होळीच्या आदूगर. बैल इकला."

"येवढी घाई काय होती? भात पिकल्यावर केलं असतं."

"आन मधीच परत अडली तं?" तो म्हणाला.

आयाने माझ्याकडे पाहिलं नाही. तिने बाईचा हात धरला आणि आत नेली.

मला त्या क्षणी सांगता आलं असतं. बाबा, लग्नाची गरज नव्हती. तेव्हाही नव्हती, आताही नाही. तुझा अंगठा त्याही दिवशी चालत होता, मला वाचता आलं नाही. चार वाक्यं होती. पण ती सांगायची म्हणजे त्याचं ते मूल कशामुळे गेलं, तेही सांगायचं. आत्तापर्यंत तो समजत होता की शहराचा नियम होता आणि आपण त्यात बसत नव्हतो. मला लाज वाटली. मी आत जाऊन हात धुतले. ह्याला भित्रेपणा म्हणतात, दुसरं नाव मी शोधलेलं नाही.

तपासलं. मूल सरळ होतं, डोकं खाली. दुपारी दोनच्या सुमाराला मुलगी झाली. रडली. कुठे पाठवायचं नव्हतं, कसला कागद लागणार नव्हता. आयाने पोरीला पुसून फडक्यात गुंडाळली आणि त्याला दाखवायला दारात नेली. त्याने पाहिलं, हसला, आणि मग आयाला ओलांडून माझ्या टेबलाशी आला. डावा हात धोतराला नीट पुसून त्याने अंगठा पुढे धरला.

डॉक्टर नव्हते. आया दारात पोरीला घेऊन उभी होती आणि ती माझ्याकडे नीट बघत होती. मी खण उघडला. शाईची डबी सुकली होती, तिच्यावर दोन थेंब पाणी टाकलं. कागद सपाट केला. त्याने अंगठा टेकवला, दाबून धरला आणि उचलला.

"नीट उठला का, बाय?"

"नीट उठला," मी म्हटलं.

त्याला बरं वाटलेलं दिसलं. तरी तो गेला नाही. वळून त्याने पायरीवरच्या म्हातारीला हाक मारली, तिला हाताला धरून टेबलाशी आणलं आणि म्हणाला, हिचा पण घे, उद्या कुणी इचारायला नको.

मी तिचाही घेतला.